पंचवीस हजारांचा फोन, पण कोणासाठी?

पंचवीस हजारांच्या फोनबद्दल यूट्यूबवर बोलणारी बहुतेक पोरं पंचविशीतली असतात. तो फोन विकत घेणारी माणसं मात्र बरेचदा नसतात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पोरगा डब्यातून फोन काढतो, अर्धा तास गेम खेळून तो किती तापला ते सांगतो, रात्री गच्चीवर जाऊन चंद्राचा फोटो काढतो, चार्जिंगला घड्याळ लावून बसतो. बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या बाईला यातलं काय उपयोगाचं? तिला संध्याकाळी दादरच्या फलाटावर पलीकडच्याचा आवाज नीट ऐकू यायला हवा. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'गाडी लेट आहे, भात लाव' एवढं लिहिता यायला हवं. जुलैत ओल्या बोटानेही फोन उघडायला हवा. हे कोणी तपासून दाखवत नाही.

दसरा-दिवाळीचे सेल लागले की मला मेसेज सुरू होतात. 'वीस-पंचवीसमध्ये बेस्ट फोन सांग ना.' मी विचारतो, कोणासाठी? बऱ्याच जणांना हा प्रश्न म्हणजे टाळाटाळ वाटते. अहो, पण तेच तर ठरवायचंय! आज अठरा ते तीस हजारांच्या पट्ट्यातला कुठलाही धड कंपनीचा फोन व्हॉट्सॲप, यूपीआय, लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर, रेल्वेच्या रेलवन ॲपवरचं तिकीट, नकाशे आणि नातवंडांचे फोटो ही कामं विनातक्रार करतो. वेगात उन्नीस-बीस फरक असेल, तो तुम्हाआम्हाला कळणारसुद्धा नाही. कळतो तो त्रास. आणि त्रास कुठून येतो, हे डब्यावर छापलेलं नसतं.

डब्यावर काय छापतात ते बघा. २०० मेगापिक्सेल. हा कॅमेरा रोजच्या वापरात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पन्नासवालाही चार-चार एकत्र करून साधारण तेवढाच देतो. त्यापेक्षा कॅमेऱ्याला ओआयएस आहे का ते विचारा. त्यात लेन्स स्वतः हलून हाताचा कंप सावरते, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात, थरथरत्या हातानेही फोटो बरा येतो. मग ते '१६ जीबी रॅम', त्याखाली बारीक अक्षरांत ८ अधिक ८. यातले दुसरे आठ म्हणजे तुमच्याच स्टोरेजमधून उसने घेतलेले आठ. स्टोरेज खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं, तेव्हा त्या दुसऱ्या आठाचे पैसे देऊ नका. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा तर मागे तीन गोल दिसावेत म्हणून असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर १२८ ऐवजी २५६ जीबीत घाला. प्रत्येक कुटुंबात रोज सकाळी सहा वाजता सूर्योदयाचे फोटो पाठवणारे एक काका असतात, आणि ते फोटो कुठेतरी साठत असतात.

स्क्रीनचं मात्र बघाच. बारा वाजता उघड्या फलाटावर उभं राहून बँकेचा ओटीपी वाचता आला पाहिजे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन सुंदर दिसतात. फोन हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर या, उन्हात धरा. सेल्समन जरा घाबरतो, पण येऊ देतो. कडा वळवलेला स्क्रीन शक्यतो घेऊच नका. दिसायला देखणा, पण त्याला बसणारी स्क्रीन गार्डची काच शोधत मोबाइलच्या सामानाचं मनीष मार्केट पालथं घालावं लागतं, आणि बसवलेली काच कडेने सुटते ते वेगळंच. सपाट स्क्रीनला काय, स्टेशनबाहेरच्या टपरीवर काच लावून मिळते.

आता हाताचं. या किमतीत बहुतेक फोन साडेसहा इंचांच्या पुढचे आणि दोनशे ग्रॅमच्या आसपासचे. मऊ कव्हर घातलं की आणखी जाड. लहान फोन बाजारातून जवळजवळ गेलेच आहेत, त्याबद्दल कंपन्यांना शिव्या घालून उपयोग नाही. निदान दुकानात एक करा: नेहमीच्या हातात फोन धरा, दुसरा हात पाठीमागे घ्या आणि अंगठ्याने वरची पट्टी खाली ओढून बघा. पोचत नसेल तर एका हाताने वापरायची सोय सेटिंगमध्ये कुठे आहे ते तिथेच विचारा. सॅमसंगने २०१८ च्या अखेरीस वन यूआय ही फोनच्या स्क्रीनची नवी मांडणी आणली तेव्हा बटणं आणि यादी स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवायची असं ठरवलं, ते मला आजही शहाणपणाचं वाटतं. मोटोरोलाचं एक जुनं कौतुक: हात दोनदा खाली झटकला की टॉर्च लागतो. गिरगावातल्या चाळीच्या जिन्यात लाइट गेलेली असताना, एका हातात भाजीची पिशवी असताना, याचं मोल कळतं.

पावसाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मुंबईत चार महिने तोच मुख्य विषय. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरेल, अशी चाचणी झालेला फोन. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसेल, बुडाला तर संपला. आता पंचवीसच्या आतही ६७, ६८ आकडे दिसायला लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ती चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. मरीन ड्राइव्हला भरतीची लाट अंगावर आली तर ते खारं पाणी. शिवाय पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बहुधा बसत नाही, मग डब्यावर आकडा काहीही असो. म्हणजे हा आकडा अडीअडचणीला आहे, फोन घेऊन धबधब्याखाली उभं राहायला नाही. चार्जिंगच्या भोकात ओल आहे असा इशारा आला तर फोन उलटा धरून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा, थांबा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्याचा भुगा आत जाऊन बसतो. आणि बोटाच्या ठशाचं: ओल्या बोटाला काचेखालचा सेन्सर हमखास दगा देतो. आजींच्या भांडी घासून झिजलेल्या बोटांनाही देतो. पिन सोपा आणि पाठ असू द्या, एवढंच.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. फोन बडबड करतो. लॉक असलेल्या स्क्रीनवर आपोआप बातम्या आणि जाहिराती बदलत राहतात. न मागितलेल्या गेमचं एक अख्खं फोल्डर नव्या फोनमध्ये आधीच बसलेलं असतं. ॲप टाकलं की फोन स्वतःच 'तपासणी' करतो आणि तपासणी संपली की आणखी चार ॲप सुचवतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना प्रत्येक टुंगनंतर वाटायचं की बँकेचं काहीतरी आलं. उघडून बघायच्या तर कर्जाची जाहिरात, नाहीतर कुठल्यातरी नटीचा घटस्फोट. या गोंगाटाची सवय झाली की खरा इशारा आणि खोटा इशारा यातला फरक माणसाला कळेनासा होतो, आणि फसवणूक करणारे नेमके त्याच फटीतून शिरतात. म्हणून आईवडिलांसाठी फोन घेताना मी पहिला निकष हाच लावतो: हा किती गप्प बसेल? गूगलचे पिक्सेल फोन तुलनेने गप्प. बाकीच्यांनाही गप्प करता येतं, पण त्यासाठी पहिल्याच दिवशी शेजारी बसून तासभर खपावं लागतं. सुरुवातीला फोन जे जे विचारतो त्या सगळ्याला 'अलाउ' म्हणत सुटायचं नाही. शिफारशीच्या ॲपची यादी येते तिथल्या खुणा काढायच्या. लॉक स्क्रीनवरचा तो फिरता तमाशा सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा. हे काम दुकानदार करत नाही, मुलाने किंवा सुनेने करायचं असतं.

आणि शेजारी बसलाच आहात तर आणखी थोडं. नवे फोन बोट सरकवून मागे जायला सांगतात. ज्यांची आयुष्याची सवय खालच्या तीन बटणांची आहे त्यांना ती तीन बटणं सेटिंगमधून परत आणून द्या. अक्षर मोठं करा हे सगळे सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे दाबून धरण्याचा वेळ. वय झालेल्या माणसाचं बोट स्क्रीनवर जरा जास्त रेंगाळतं, फोनला वाटतं दाबून धरलंय, चिन्ह हलायला लागतं आणि भलतीकडे जातं किंवा उडतं. मग रात्री साडेनऊला फोन येतो, 'अरे, माझं व्हॉट्सॲप गेलं.' ते कुठेही गेलेलं नसतं. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत हा वेळ वाढवता येतो, आणि बऱ्याच फोनमध्ये होम स्क्रीनला कुलूपही लावता येतं. सॅमसंगच्या ईझी मोडमध्ये मोठी चिन्हं आणि हा वाढीव वेळ एकत्रच मिळतात. आधी जो ब्रँड हातात होता तोच परत घ्या, हा सल्ला तरुण मंडळींना बुरसटलेला वाटेल. साठीच्या पुढच्या माणसासाठी मला तो सगळ्यात पुरोगामी वाटतो. त्यांना फोन वापरायचाय, परत शिकायचा नाहीये.

अपडेटकडे लोक साफ दुर्लक्ष करतात. ज्या फोनवर पेन्शन आणि यूपीआय आहे त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत राहिले पाहिजेत, नाहीतर एक दिवस बँकेचं ॲपच सांगतं की तुमची ॲण्ड्रॉइड जुनी झाली. सॅमसंगने २०२५ च्या ए२६, ए३६, ए५६ या फोनना सहा वर्षांचं आश्वासन दिलंय. पिक्सेलचे ए-मालिकेतले अलीकडचे फोन सात वर्षांचं देतात, पण त्यांची किंमत आपल्या पट्ट्याच्या वर जाते. आता हिशेब मांडा. चोवीस हजारांचा फोन सहा वर्षं चालला तर वर्षाला चार हजार. पंधरा हजारांचा तीन वर्षांत बाद झाला तर वर्षाला पाच. मधे एकदा बॅटरी बदलावी लागेल ती धरूनही बऱ्यापैकी जमतं. म्हणून घ्यायच्या आधी हेही बघा की त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या लोकलच्या लाइनवर कुठे आहे. विरारच्या माणसाला ठाण्याचं सेंटर काय कामाचं?

नेटवर्कबद्दल एकच. ५जी आता या किमतीत सगळ्यांतच आहे, त्याची चर्चा नको. पण तळमजल्याच्या खोलीत किंवा तिसाव्या मजल्यावर आवाज तुटत असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे साधा कॉल घरच्या वाय-फायवरून जातो. जिओ आणि एअरटेल दोघांकडे ते आहे, आणि निम्म्या लोकांनी ते कधी चालूच केलेलं नसतं.

खरेदी कुठे करायची यावर माझं मत ठाम नाही. ऑनलाइन स्वस्त पडतं, दुकानात हातात घेता येतं. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घातलेला जो मुलगा प्रेमाने जवळ येतो तो त्या कंपनीचा असतो, दुकानाचा नाही, एवढं लक्षात ठेवून त्याचं ऐका. तुम्ही सांगितलेल्या मॉडेलचा स्टॉक नेमका तेव्हाच संपलेला असतो. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाएवढी सूट देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी बहुधा आपल्याच माथी येते. चार-पाचशे रुपयांची गोष्ट आहे, पण 'नो कॉस्ट' म्हणतात म्हणून सांगितलं. डब्यात चार्जर आहे का ते विचारा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनसोबत तो येत नाही. आणि रिकामा डबा फेकू नका. त्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर असतो. लोकलच्या गर्दीत फोन गेला तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करताना हाच नंबर मागतात.

शेवटचं एक्स्चेंजचं. ऑनलाइन घेताना 'जुना फोन द्या, तीन हजार कमी' असं दिसतं आणि आपण हो म्हणतो. मग डिलिव्हरीवाला दारात उभा राहतो, नवा फोन हातात देतो आणि जुना तिथल्या तिथे मागतो. तेव्हा व्हॉट्सॲपच्या गप्पा नव्या फोनवर आलेल्या नसतात. दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडने त्या हलवता येतात, पण त्यासाठी दोन्ही फोन हवेत ना! यूपीआयची नोंदणी नव्या फोनमध्ये सिम घालून, त्यातून एसएमएस गेल्यावरच होते. बँकेचं ॲप पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं दारात, त्याला पुढच्या सतरा घरी जायचं असताना. आईवडिलांच्या फोनला एक्स्चेंज लावूच नका. जुना फोन आठ-पंधरा दिवस घरात राहू द्या. बँक, गॅस, विमा, डिजीलॉकर, सगळं नव्यावर एकदा उघडून झालं की मग जुना रीसेट करून खुशाल विका. तीन हजारांऐवजी अडीच मिळतील, मिळू देत.