४०० किलोमीटरच्या वर्तुळात नेमकं काय पडतं?

भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, ९ मे २०२५ च्या सकाळी चंदिगडमध्ये सायरन वाजला. घरातच थांबा, गॅलरीपासून लांब राहा, असं प्रशासनाने सांगितलं होतं. माझी भाची तिथे शिकते. ती त्या वेळी मैत्रिणींबरोबर वसतिगृहाच्या गच्चीवर उभी राहून आकाशाचा व्हिडिओ काढत होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, आदल्या रात्री तिला धीर यावा म्हणून एक फॉरवर्ड पाठवला होता. तोच मला चार ग्रुपांवरून आला, आणि त्यानंतरही तो फिरतच राहिला.

त्याचा गोषवारा असा: एस-४०० ही आपली रशियन बनावटीची हवाई संरक्षण यंत्रणा, म्हणजेच 'सुदर्शन चक्र', हे ४०० किलोमीटरचं कुंपण, त्याच्या आत येईल ते पडतंच. रडारवर दिसलं की ते संपलंच. आपण शंभर टक्के हल्ले 'इंटरसेप्ट' केले, म्हणजे वाटेतच अडवले. इस्रायलचा आयर्न डोम काय आणि आपलं सुदर्शन चक्र काय, दोन्ही एकाच जातीच्या छत्र्या, अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रही त्यांतून सुटत नाही. आणि म्हणून सायरन, ब्लॅकआउट हे सगळं उगाच घबराट पसरवण्यासाठी.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. आपल्या सैन्याचा अभिमान मलाही आहे. पण हवाई संरक्षणातले शब्द मापाचे असतात. पल्ला, माग, इंटरसेप्ट, निष्प्रभ यांतल्या प्रत्येकाला ठरलेला अर्थ आहे. फॉरवर्डने ते सगळे एकाच मुशीत वितळवून 'काही होत नाही' एवढा एकच अर्थ बनवला, आणि त्या अर्थावर विसंबून एक मुलगी गच्चीवर गेली. म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्या ४०० किलोमीटरचं बघू, कारण बाकीचे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

एस-४०० ही एकाच क्षेपणास्त्राची यंत्रणा नाही. तिच्यासाठी रशियाने वेगवेगळ्या पल्ल्यांची क्षेपणास्त्रं बनवली: साधारण ४०, १२०, २५० आणि ४०० किलोमीटर. यातला ४०० चा आकडा फक्त सर्वांत लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा, आणि तोही विमानासारख्या लक्ष्यासाठी. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र, म्हणजे उंच कमानीत जाऊन वरून प्रचंड वेगाने कोसळणारं, अडवायचं असेल तर याच यंत्रणेचा जाहीर पल्ला ६० किलोमीटरवर येतो. पल्ला म्हणजे क्षेपणास्त्र जास्तीत जास्त कुठवर पोहोचू शकतं ते अंतर. तिथे पोहोचेपर्यंत लक्ष्य दिसत राहायला हवं, ही अट त्या आकड्यात लिहिलेली नसते.

आणि दिसण्याला पृथ्वीच्या गोलाईची मर्यादा आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून लांब जाणारी बोट पाहिली असेल, तर आधी तिचं अंग बुडतं आणि डोलकाठी शेवटी दिसेनाशी होते, हे ठाऊक असेल. रडारचंही तसंच. हिशोब सोपा आहे. रडारच्या अँटेनाची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि तिला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. अँटेना २० मीटरवर आणि विमान १०,००० मीटरवर असेल तर ४२८ किलोमीटर. तीच अँटेना, पण विमानासारखं उडत येणारं क्रूझ क्षेपणास्त्र जमिनीपासून ५० मीटरवरून येत असेल, तर ४७ किलोमीटर. यंत्रणा तीच, क्षेपणास्त्र तेच, आणि वर्तुळ नऊ पटींनी आकसलं. टेकडीवरचं रडार किंवा आकाशातून पाहणारं 'नेत्र'सारखं टेहळणी विमान हा आकडा वाढवू शकतं, म्हणून तर ती लागतात. पण कुंपण म्हणावं अशी एकच एक रेघ कुठेच नसते.

इथे कुणी म्हणेल की मग वायुदलप्रमुख खोटं बोलले का? अजिबात नाही. एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी ९ ऑगस्ट २०२५ ला बंगळुरूत सांगितलं की पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान आपण पाडलं, आणि ते मोठं विमान सुमारे ३०० किलोमीटरवर पाडलं गेलं. पाकिस्तानने ते नाकारलं. पण त्यांच्या विधानात विज्ञानाच्या विरोधात जाणारं काहीच नाही. वरचाच हिशोब उलटा करा: सपाट जमिनीवरच्या २० मीटर उंच अँटेनाला ३०० किलोमीटरवरचं काही दिसायचं तर ते निदान ४,७०० मीटर उंचीवर असायला हवं. टेहळणीचं मोठं विमान याहून बरंच वर उडतं. म्हणजे यंत्रणा ज्या कामासाठी बनली ते काम तिने केलं. शेताच्या उंचीवरून येणारा ड्रोन हे तिचं काम नाही.

ते काम कुणी केलं, हे या फॉरवर्डमधून पुसलं गेलं याचं मला सर्वांत वाईट वाटतं. ८-९ मे च्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, असं अधिकृतपणे सांगण्यात आलं. त्यांच्यासमोर विमानविरोधी तोफा होत्या: एल-७० होत्या, झेडयू-२३ होत्या, शिल्का होत्या. एल-७० ही मूळची बोफोर्सची ४० मिलिमीटरची तोफ, कित्येक दशकं जुनी, नव्या रडारची आणि कॅमेऱ्यांची जोड देऊन धारदार ठेवलेली. तिच्यामागे रात्रभर जागणारे सैन्याच्या हवाई संरक्षण दलाचे गोलंदाज आणि त्यांना एका जाळ्यात बांधणारं 'आकाशतीर', यांच्या वाट्याचं श्रेय एका रशियन नावाला देऊन टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

'रडारवर दिसलं की संपलंच' हा पुढचा मुद्दा. दिसणं ही साखळीची पहिली कडी. मग माग धरणं, ओळख पटवणं, कुठल्या बॅटरीने (तोफांच्या किंवा क्षेपणास्त्रांच्या तुकडीने) मारायचं ते ठरवणं, डागणं आणि शेवटी खरंच पडलं का ते तपासणं. कुठलीही कडी तुटू शकते. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत मियां चन्नूजवळ पडलं. पाकिस्तानी वायुदलाने सांगितलं की आम्ही त्याचा मार्ग सुरुवातीपासून पाहत होतो. पाहिलं असेलही, पण पाडलं नाही. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

ओळख पटवण्याची कडी तर सर्वांत नाजूक. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. वायुदलाचे सहाजण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. रडारला ते दिसलं होतं. आपलं की परकं हे कळलं नाही. ८ जानेवारी २०२० ला तेहरानजवळ इराणच्या हवाई संरक्षणाने युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं, १७६ माणसं गेली. रडारवरचा ठिपका स्वतःचं नाव सांगत नाही. त्यासाठी 'आयएफएफ' म्हणजे मित्र की शत्रू हे विचारणारी संदेशयंत्रणा असते, आणि ती बंद असली किंवा उत्तर आलं नाही, तर निर्णय एका माणसावर, काही सेकंदांत येऊन पडतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्या माणसाचा विचार केलेला नाही.

आता 'शंभर टक्के इंटरसेप्ट'. या एका शब्दावरून अमेरिकेत मोठा वाद झाला होता, तो आपण मुद्दाम समजून घ्यावा असा आहे.

१९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं आणि ती अडवणारं अमेरिकेचं पॅट्रियट यांची गाठ पडली. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश पॅट्रियटच्या कारखान्यात गेले आणि ४२ पैकी ४१ स्कड इंटरसेप्ट झाल्याचं त्यांनी सांगितलं. जगाने त्याचा अर्थ '४१ पाडली' असा घेतला. पुढच्या वर्षी संसदेच्या समितीपुढे हा विषय निघाला, तेव्हा एका सेनाधिकाऱ्याने खुलासा केला: राष्ट्राध्यक्षांनी 'नष्ट केली' असं म्हटलंच नव्हतं. इंटरसेप्ट म्हणजे पॅट्रियट आणि स्कड यांचे मार्ग आकाशात एकमेकांना छेदून गेले, इतकंच. यश किती, याचे सैन्याचे स्वतःचे आकडेही सौदी अरेबियासाठी ८० वरून ७० टक्क्यांवर आणि इस्रायलसाठी ५० वरून ४० टक्क्यांवर उतरले. संसदेच्या लेखापरीक्षकांनी पुरावे तपासले, तेव्हा वॉरहेड (क्षेपणास्त्राचा स्फोटक भाग) नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा सुमारे ९ टक्के लढतींतच मिळाला. याचा अर्थ बाकी सगळ्या फसल्या असा नाही. त्या यशस्वी झाल्याचं तितक्या ठामपणे दाखवता येत नाही, एवढाच.

याच युद्धात २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये एक स्कड थेट अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ जण ठार झाले. तिथल्या पॅट्रियटची यंत्रणा १०० तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. वेळ मोजताना होणारी बारीकशी चूक साठत साठत सेकंदाच्या एकतृतीयांशापर्यंत गेली. स्कडच्या वेगाला तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापलं जातं. रडारने चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून क्षेपणास्त्र डागलंच गेलं नाही. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

आपल्याकडे ८ मे च्या सरकारी निवेदनात वापरलेला शब्द 'निष्प्रभ केले' या अर्थाचा होता, आणि तो अचूक होता. आदल्या रात्री श्रीनगर ते भुज अशा १५ ठिकाणी आलेल्या ड्रोन आणि क्षेपणास्त्रांबद्दल तो होता. ड्रोनचा संदेश तोडून त्याला भरकटवणं हेही निष्प्रभ करणंच, त्याला सैनिकी भाषेत 'सॉफ्ट किल' म्हणतात. तोफेने किंवा क्षेपणास्त्राने तुकडे करणं हे 'हार्ड किल'. निवेदनात ड्रोनविरोधी जाळं आणि हवाई संरक्षण यंत्रणा असा दोन्हींचा उल्लेख होता. फॉरवर्डमध्ये त्याचं 'एस-४०० ने शंभर टक्के पाडली' झालं.

टक्केवारी पुढे आली की ती कशाच्या टक्के, हे विचारायला हवं. आयर्न डोमबद्दल सांगितला जाणारा ९० टक्क्यांच्या आसपासचा आकडा त्याने अडवायला घेतलेल्या रॉकेटांपैकी आहे. रिकाम्या माळावर पडणार असं गणित सांगतं, ती रॉकेटं तो सोडूनच देतो. ती भागाकारात येत नाहीत. आणि आकडा मोठा असला तरी एकामागून एक लक्ष्यं आली की काय होतं ते बघा. समजा एक इंटरसेप्टर, म्हणजे अडवणारं क्षेपणास्त्र, ८० टक्के वेळा यशस्वी होतो. खात्रीसाठी प्रत्येक लक्ष्यावर दोन सोडले तर यश ९६ टक्के. आता अशी २० लक्ष्यं आली, तर वीसच्या वीस अडण्याची शक्यता ४४ टक्के उरते. ९६ चे ४४ होताना कुणाची चूक झालेली नसते, तो फक्त गुणाकार असतो. शिवाय त्या वीस लक्ष्यांसाठी ४० क्षेपणास्त्रं खर्ची पडली, आणि एस-४०० च्या एका लाँचरवर मोठी क्षेपणास्त्रं चारच मावतात. कृष्णाचं सुदर्शन काम करून बोटावर परत येत असे. इथे सुटलेलं परत येत नाही.

छत्र्यांच्या तुलनेबद्दल थोडक्यात. आयर्न डोम ४ ते ७० किलोमीटरवरून येणाऱ्या रॉकेटांसाठी बनला. लांबून येणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी इस्रायलकडे 'अ‍ॅरो' ही निराळी यंत्रणा आहे, आणि तरीही १ ऑक्टोबर २०२४ ला इराणने डागलेल्या सुमारे १८० पैकी काही नेवातिम विमानतळावर पडलीच. आपल्याकडे बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांविरुद्धचं काम डीआरडीओने २००६ पासूनच्या चाचण्यांतून वेगळं उभं केलं आहे: एक इंटरसेप्टर वातावरणाच्या वरच्या थरात गाठणारा, दुसरा खालच्या. त्याचा एस-४०० च्या खरेदीशी संबंध नाही.

नावांचा गोंधळ मात्र लोकांचा दोष नाही. आपल्या वायुदलाने एस-४०० ला 'सुदर्शन' म्हटलं, आणि १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी जाहीर केलेली, २०३५ पर्यंत उभी करायची व्यापक योजना तिचंही नाव 'मिशन सुदर्शन चक्र'. एक हातात असलेली यंत्रणा, दुसरी अजून घडवायची. आणखी एक उदाहरण माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विनाशिकांवर पाहायला मिळतं. त्यांच्यावरच्या बराक-८ या हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्राला नौदल 'लांब पल्ल्याचं' म्हणतं, आणि त्याच क्षेपणास्त्राच्या जमिनीवरच्या आवृत्तीला वायुदल आणि सैन्य 'मध्यम पल्ल्याचं'. पल्ला दोन्हीकडे सुमारे ७० किलोमीटरच. जहाजाच्या दृष्टीने जे लांब, ते वायुदलाच्या दृष्टीने मध्यम. नावावरून ताकद ओळखायला गेलं की असं फसायला होतं.

राहिला शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो: सायरन आणि ब्लॅकआउट फुकटचे.

एस-४०० चं २५० किलोमीटरवालं क्षेपणास्त्र साडेसात मीटर लांब आणि पावणेदोन टनांहून जड असतं. त्याचं वॉरहेड लक्ष्याजवळ फुटून तुकड्यांचा मारा करतं. यशस्वी झालं तरी दोन्हींचे अवशेष खाली येतात, आणि ज्या शहराला वाचवायचं त्याच्याच आसपास येतात. तोफांचे गोळेही वर गेले की खाली येणारच. ९ मे च्या रात्री फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर ड्रोन कोसळून एकाच कुटुंबातले तिघे भाजले, त्यातल्या बाई पुढे वारल्या. गॅलरीपासून लांब राहा, काचांपासून दूर बसा, ही सूचना यंत्रणेवर अविश्वास म्हणून दिलेली नसते. यंत्रणा काम करत असताना खाली काय पडतं हे ठाऊक असलेल्यांनी ती दिलेली असते. सैन्याच्या हालचालींचं थेट चित्रण करू नका, ही संरक्षण मंत्रालयाची सूचनाही तशीच. तोफ कुठून धडाडते आहे हे गच्चीवरच्या व्हिडिओत दिसतं, आणि तो व्हिडिओ सीमेपलीकडेही पाहिला जातो.

बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने फॉरवर्ड काढून टाकला आणि विचारलं, मग पोरीला नेमकं काय सांगू? मी तिला तो ४७ किलोमीटरचा हिशोब पुन्हा सांगितला. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जमिनीलगत येणाऱ्या क्षेपणास्त्राला ते अंतर कापायला तीन मिनिटं लागतात. त्यातली काही माग धरण्यात, काही सायरनपर्यंत निरोप पोहोचण्यात जातात. भाचीने त्या संध्याकाळी गच्चीवरून तळमजल्याच्या आतल्या बोळापर्यंत उतरून पाहिलं. चार मजले, दिवे बंद, हातात मोबाईलही नाही. एक मिनिट दहा सेकंद.