अकराव्या वचनाआधीचे दहावे वचन

वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्या मंडळीत उपासना असते. बारा वाजून गेले आणि एकमेकांना शुभेच्छा देऊन झाल्या की वचनांच्या कार्डांची टोपली फिरते. प्रत्येकाने न बघता एक कार्ड उचलायचे आणि त्यावर जे निघेल ते आपले वर्षभराचे वचन समजायचे, असा रिवाज आहे. इथे इंदूरला आमची उपासना हिंदीत होते, त्यामुळे कार्डेही हिंदीतच असतात, आणि आमच्यासारखे मराठी घरातले लोक ती घरी आणून मराठी पवित्र शास्त्रात तेच वचन पुन्हा शोधून वाचतात. गेल्या खेपेस माझ्या मुलाच्या हाती यिर्मया २९:११ आले, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत" असे ते वचन आहे, आणि ख्रिस्ती घरांत ते इतके प्रिय आहे की भिंतीवरच्या कॅलेंडरापासून लग्नपत्रिकेपर्यंत ते कुठेही भेटते. मुलाने कार्ड मोबाइलच्या कव्हरात, पाठीमागच्या बाजूला, ठेवून दिले.

त्या वर्षी राज्यसेवा परीक्षेची त्याची तिसरी खेप होती. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली, मुलाखतही झाली, आणि अंतिम यादीत नाव नव्हते. त्या संध्याकाळी माझ्या मोबाइलवर नातेवाइकांचे आणि मंडळीतल्या लोकांचे जे संदेश आले त्यांपैकी निम्म्याहून अधिक संदेशांत उगवत्या सूर्याच्या चित्रावर तेच यिर्मया २९:११ होते. पाठवणाऱ्यांचे प्रेम खरे होते, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचे वाचून कोणी रागावेल. पण मुलाने कव्हर उघडून कार्ड टेबलावर ठेवले आणि मला विचारले, "आई, हे वचन माझ्यासाठी होते की नव्हते?" मी पंचवीस वर्षे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवीत आले आहे, आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे हाती लागले ते लिहिण्यासाठी ही पोस्ट आहे.

मला आज असे वाटते की पवित्र शास्त्र माणसाला धीर देते ते मुदत सांगून नव्हे. आपण मात्र त्याच्याकडून बहुतेक वेळा मुदतच मागत असतो.

त्यासाठी यिर्मयाचे अठ्ठाविसावे आणि एकोणतिसावे हे दोन्ही अध्याय सलग वाचावे लागतात, आणि कार्डावरून ते कधीच दिसत नाहीत. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेचा राजा, दरबारी आणि कुशल कारागीर यांना धरून बाबेलास नेले. मागे राहिलेल्यांत हनन्या नावाचा एक संदेष्टा होता. त्याने मंदिरात सर्वांच्या देखत जाहीर केले की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, मंदिरातील पात्रे परत येतील आणि नेलेली माणसेही परत येतील. त्या वेळी यिर्मया स्वतःच्या मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत होता, कारण बाबेलचे राज्य इतक्यात संपणार नाही असा त्याचा संदेश होता. हनन्याचे बोलणे ऐकून यिर्मया चिडला नाही. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो. या एका शब्दापाशी मी दरवेळी थांबते, कारण आपल्या माणसांचे बरे व्हावे असे त्यालाही वाटत होतेच. मग हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून सर्वांसमोर मोडून टाकले, आणि यिर्मया काही न बोलता आपल्या वाटेने निघून गेला. पुढे परमेश्वराचा निरोप आला तो असा की लाकडाचे जू मोडले खरे, पण त्याच्या जागी लोखंडाचे आले.

पुढच्या अध्यायात यिर्मयाने बाबेलातल्या लोकांना पाठवलेले जे पत्र आहे त्यात आपले लाडके अकरावे वचन आहे. त्याच्या अगदी आधीचे, दहावे वचन सांगते की बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. सत्तर वर्षे! पत्र हातात घेणाऱ्या चाळिशीच्या माणसाने मनात हिशेब केला असेल, तर आपण परत जाणार नाही हे त्याला त्या क्षणी कळले असेल. पारसाचा राजा कोरेश याने यहुद्यांना परत जाण्याची परवानगी दिली ती इसवी सनापूर्वी ५३८ च्या सुमारास, आणि त्याआधी तर यरुशलेम व त्यातील मंदिर दोन्ही जमीनदोस्त झाली होती. हिताचे संकल्प त्या माणसाला सांगितले गेले ते हे सगळे आ वासून समोर असताना. सूर्योदयाच्या चित्रासोबत जे वचन आपण पाठवतो ते हनन्याच्या तोंडी शोभेल असे करून पाठवतो, म्हणजे शब्द यिर्मयाचे आणि मुदत हनन्याची.

आपल्या भाषेचाही यात थोडा हात आहे. शास्त्रातल्या क्रमांक घातलेल्या वाक्याला आपण मराठी ख्रिस्ती लोक वचन म्हणतो, आणि दिलेल्या शब्दालाही मराठीत वचनच म्हणतात. त्यामुळे जे वाक्य कार्डावर निघाले तो देवाने मला व्यक्तिशः दिलेला शब्द आहे आणि तो याच वर्षात पाळला गेला पाहिजे, असे मनाने कधी धरले ते कळतही नाही. खरे तर यिर्मयाच्या पत्राला क्रमांक नव्हते. अध्याय पाडले गेले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि नव्या कराराला आज आपण वापरतो ते क्रमांक रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. संदर्भ सापडावा एवढ्यासाठी केलेली ही सोय आहे, मजकूर तिथून कापावा म्हणून नव्हे. प्रेषित पौलाचे "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वाक्य असेच कापले जाते. आधीच्या वाक्यात तृप्त असणे आणि भुकेले असणे या दोन्ही गोष्टी मी शिकलो आहे असे तो म्हणतो, आणि तो हे बेड्यांत असताना लिहीत होता. भूक सोसण्याचे जे सामर्थ्य होते ते आपण स्पर्धा जिंकण्याचे करून टाकले.

सुटे वचन कधीच उपयोगी पडत नाही, असे मी म्हणत नाही, आणि म्हटले तर ते खोटे होईल. मी सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. मार्चअखेरीस बिले, कोषालय आणि साहेबांचे फोन यांच्या मधल्या पाच मिनिटांत अख्खा अध्याय वाचता येत नाही. त्या दिवसांत "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" एवढे अर्धे वाक्य मी ड्रॉवरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि ड्रॉवर उघडला की ते दिसते. ते वाक्य कसलेही आश्वासन देत नाही, उद्याही दुःख असणारच हे ते सरळ धरून चालते, आणि कदाचित म्हणूनच इतकी वर्षे टिकले आहे.

निकालाच्या संध्याकाळी मुलगा जेवला नाही. खोलीत जाऊन दिवा न लावता पडून राहिला. मी दारापाशी दोनदा जाऊन परत आले, कारण काय बोलावे ते सुचत नव्हते आणि जे सुचत होते ते सगळे हनन्याचेच होते: पुढच्या वेळी नक्की होईल, देव तुझ्यासाठी याहून मोठे काही ठेवून आहे, वगैरे. नऊच्या सुमारास माझ्या सासूबाईंनी स्वतः उठून कणीक मळली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांनी पोळ्या करणे सोडून दोन वर्षे झाली आहेत. दोन पोळ्या, तूप आणि कालचे आंब्याचे लोणचे ताटलीत घालून त्या खोलीत गेल्या, दिवा लावला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ, खा." तो उठला, एक पोळी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "आता पुन्हा झोप." आणि दिवा मालवून बाहेर आल्या.

मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला शास्त्रातला एलीया संदेष्टा आठवला. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देवाकडून त्याला जो पहिला निरोप येतो तो "ऊठ, खा" हाच. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असते. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. उपदेश नाही, जाब नाही, "तू इथे काय करतोस" हा प्रश्नसुद्धा येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातले हे मी कितीतरी वेळा शिकवले असेन, पण त्यातली ती दुसरी झोप मला त्या रात्रीपर्यंत दिसली नव्हती. मी सासूबाईंना विचारले, "आई, तुम्हाला एलीया आठवला होता ना?" त्या म्हणाल्या, "मला पोर उपाशी आहे एवढंच आठवलं होतं."

मराठी शास्त्र घरात राहिले याबद्दल मला कृतज्ञ वाटते, त्याचे एक कारणही इथेच सांगते. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की पिता तुम्हांला दुसरा एक "कैवारी" देईल. तिथे हिंदी बायबलात "सहायक" हा शब्द आहे. शब्द चुकीचा नाही, पण मध्य प्रदेशातल्या कुठल्याही कार्यालयात सहायक ग्रेड तीन हे पद असते, त्यामुळे रविवारी हे वचन वाचले गेले की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाखेतील फायलींचा गठ्ठा येतो, याला माझा इलाज नाही. कैवारी म्हटले की चित्र पालटते. भाऊबंदकीत एकटा पडलेल्या माणसाची बाजू घेऊन जो उभा राहतो तो कैवारी. तो काम सोपे करून देईलच असे नाही, पण तो आपल्या बाजूचा असतो हे सगळ्या गावाला ठाऊक असते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत शास्त्र उतरवण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ साली संपूर्ण छापून निघाले. साध्या बायकांना ते कळावे हा त्यांचा आग्रह होता. आपल्या रोजच्या शब्दात सापडलेला धीर आणि समजून घ्यावा लागलेला धीर यांत फरक असतो, हे इंदूरसारख्या ठिकाणी दोन भाषांत प्रार्थना करणाऱ्याला लवकर कळते.

आणि ज्यांना धीर मुळीच सापडत नाही त्यांच्यासाठीही शास्त्रात जागा आहे, हे आपण मंडळीत फार हळू आवाजात सांगतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते; मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. माझे वडील गेले त्या आठवड्यात मला तेविसावे स्तोत्र वाचता येत नव्हते, हे वाचता येत होते. कार्डांच्या टोपलीत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मी आजवर पाहिलेले नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी मी दिलेच नाही. ते सासूबाईंच्या शास्त्रातून निघाले. त्या मूळच्या नगरच्या. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ पासून, आणि ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक तिथूनच १८४२ साली निघाले, हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. आता नगरचे अहिल्यानगर झाले, म्हणजे त्यांचे माहेर इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाचे झाले, याची त्यांना भारी मौज वाटते. पण लग्न होऊन त्या इंदूरला आल्या तेव्हा मौज नव्हती. हिंदी येत नव्हते, उपासनेत काही कळत नव्हते, आणि पहिले वर्षभर त्या माहेरी परत न्या म्हणून पत्रे लिहीत होत्या. त्यांचे वडील शाळामास्तर होते. त्यांचे उत्तराचे पोस्टकार्ड सासूबाईंनी यिर्मयाच्या पानांत जपून ठेवले आहे. कागद तपकिरी झाला आहे, एका कोपऱ्याला वाळवीने कुरतडले आहे, शाई पुसट आहे. खुशालीच्या दोन ओळी आणि खाली एवढेच: "यिर्मया २९, ५ ते ७ वाच."

त्या तीन वचनांत बाबेलातल्या लोकांना सांगितले आहे की घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. सासूबाईंनी पोस्टकार्ड मुलाच्या हातात दिले. त्याने पाचव्या वचनापासून अकराव्यापर्यंत मोठ्याने वाचले, दहाव्यापाशी थांबला, आणि म्हणाला, "आजी, सत्तर वर्षं म्हणजे त्यांच्यातले बहुतेक तिथेच मेले असतील."

"मेलेच," सासूबाई म्हणाल्या. "पण घरात राहून मेले."

चौथ्यांदा परीक्षेला बसायचे की नाही हे त्याने अजून ठरवलेले नाही. सध्या तो भंवरकुआँच्या एका क्लासमध्ये मुलांना इतिहास शिकवतो. यिर्मयाचे कार्ड पुन्हा मोबाइलच्या कव्हरात गेले आहे, फक्त त्यावर त्याने पेनने ११ च्या आधी "५ ते" असे जोडले आहे. पोस्टकार्ड आले त्या वर्षी सासूबाईंनी लोकमान्य नगरातल्या आमच्या अंगणात कढीपत्त्याचे रोप लावले होते. ते आता छपराच्या वर गेले आहे, आणि पोह्यांसाठी सकाळी सकाळी अर्धी गल्ली त्याची पाने तोडून नेते.