जपानचा देणगी कायदा आणि आपल्याकडचा धर्मांतराचा वाद

टोकियो जिल्हा न्यायालयाने २५ मार्च २०२५ रोजी युनिफिकेशन चर्च या संप्रदायाची नोंदणीकृत संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. त्याआधी महिनाभर महाराष्ट्र सरकारने सक्तीची धर्मांतरे आणि तथाकथित ‘लव्ह जिहाद’ यांविरुद्धच्या कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. टोकियोत राहणाऱ्या मला या दोन घटना एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: माणसाच्या श्रद्धेत शासनाने कुठपर्यंत शिरावे?

कोरियात १९५४ साली स्थापन झालेल्या या संप्रदायाची जपानमधील पद्धत मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. पूर्वजांचे आत्मे तळमळत आहेत, घराण्यावर दोष आहे, असे सांगून, म्हणजे आपल्याकडे पितृदोषाची भीती घालतात तशीच भीती घालून, कलश आणि शिक्के अवाच्या सवा किमतीला विकले जात आणि मोठ्या देणग्या घेतल्या जात. पीडितांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांनी १९८७ मध्येच आपली संघटना बांधली होती. तरीही शासन हलले ते जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाल्यावर. मारेकऱ्याच्या आईने सुमारे दहा कोटी येन या संप्रदायाला दिले होते आणि घर देशोधडीला लागले होते. पुढे सत्ताधारी पक्षाच्या जवळपास निम्म्या खासदारांचा संप्रदायाशी काही ना काही संबंध आल्याचे पक्षाच्याच पाहणीत उघड झाले. पस्तीस वर्षांच्या त्या दिरंगाईचे कारण बऱ्याच अंशी या संबंधांत असावे, असे मी मानतो. बाबा-महाराजांच्या व्यासपीठांवर आपले मंत्री बसतात, तेव्हा मला हेच आठवते आणि काळजी वाटते.

डिसेंबर २०२२ मध्ये झालेला देणगी कायदा मात्र अभ्यासण्यासारखा आहे. कोणी काय मानावे, हे तो विचारत नाही. भीती घालून देणगी मागणे, देणगीसाठी कर्ज काढायला किंवा राहते घर विकायला सांगणे, यांना तो मनाई करतो, आणि ज्यांच्या पोटाला चिमटा बसला त्या जोडीदाराला व मुलांना काही मर्यादेत पैसे परत मागण्याची वाट देतो. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने मुलांना नरकाची भीती दाखवणे, त्यांना आवश्यक रक्त देण्यास नकार देणे, या गोष्टी बालछळात मोडतात, असे मार्गदर्शन जारी केले. विसर्जनाच्या आदेशानेही संस्थेचे कायदेशीर अस्तित्व आणि करसवलत जाते. अनुयायांना एकत्र येऊन प्रार्थना करण्यास बंदी होत नाही.

ही मर्यादा ओलांडली तर काय होते, तेही जपानने पाहिले आहे. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या संप्रदायाचे गुन्हे भयंकर होते. पण त्यानंतर अनेक नगरपालिकांनी साध्या अनुयायांची रहिवासी नोंदणी नाकारली आणि संस्थापकाच्या मुलांना शिक्षणसंस्थांचे दरवाजे बंद झाले. नोंदणी नाकारणे बेकायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २००३ मध्ये सांगावे लागले.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला जादूटोणाविरोधी कायदा देवधर्माला हात न लावता ठरावीक कृत्यांना गुन्हा ठरवतो; चमत्काराचा देखावा करून पैसा कमावणे हे त्यांपैकी एक. मात्र भक्ताला कर्जात लोटून घेतलेल्या देणगीसाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही आणि ती जोडणे हे माझ्या मते आजचे खरे काम आहे.

त्याऐवजी उत्तर प्रदेशासारखा कायदा आपण स्वीकारला, तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याला साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी घोषणा करावी लागेल आणि मग त्याच्या हेतूची पोलीस चौकशी होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांतील प्रत्येक शेतमजुराने, प्रत्येक गिरणी कामगाराने आधी कचेरीत जाऊन आपल्या गावच्या सवर्णांच्या देखत हेतू सिद्ध करायचा असता, तर किती जण दीक्षाभूमीपर्यंत पोहोचू शकले असते, याचे उत्तर त्या समितीने आपल्या अहवालात द्यावे, अशी माझी मागणी आहे.