‘दोन तुकडे जोडून गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

एडिंबराच्या आमच्या दुकानातून मागवलेलं टार्टन प्लेड, म्हणजे अंगावर घ्यायचं स्कॉटलंडचं चौकडीचं लोकरी कापड, तुम्हाला पसंत पडलं नाही, शिवाय हातात पडायलाही उशीर झाला, याबद्दल माफी मागते. पण ‘उरलेले दोन तुकडे जोडून गळ्यात मारलं, दोन्ही कडा मध्यासारख्या नाहीत, वर रंग भडक’ हे वाचून फार लागलं.

तुम्ही अठराव्या शतकातल्यासारखं प्लेड मागितलं होतं. तेव्हा विणकर एका हाताने धोटा (आडवा धागा नेणारं साधन) टाकून दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे कापडाचा पन्हा साधारण पंचवीस-सव्वीस इंचच निघायचा. म्हणून लांब कापड विणायचं, मधून कापायचं, एक पट्टा उलट टोकाने फिरवायचा आणि कडेला कड लावून हाताने शिवायचं. चौकडीही त्याच हिशेबाने मांडलेली: शिवणीपाशी दोन्हीकडच्या रेघा जुळतात आणि बाहेरच्या कडेला वेगळा काठ येतो. हल्ली रुंद यंत्रमागावर एकच चौकडी या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी चालते. तसं आम्हीही स्वस्तात दिलं असतं, पण ते तुम्ही मागितलेलं नव्हतं. आणि हे अंदाजपंचे काम नाही हो. स्कॉटिश लेखक मार्टिन मार्टिन यांनी 1703 मध्ये लिहिलंय की स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवरच्या बायका नक्षीतल्या धाग्यांची संख्या लाकडाच्या तुकड्यावर नोंदवून ठेवत.

रंगाचंही तसंच. ‘एन्शंट’ (प्राचीन) म्हणून विकतात ते फिकट रंग विसाव्या शतकातले. जुनं टार्टन कोचिनील किड्यापासून काढलेल्या लालात नि निळीच्या निळ्यात चांगलं गडद असायचं.

मागणी घेताना शिवणीचा फोटो आम्ही पाठवला होता आणि तुमचं ‘चालेल’ असं उत्तर आलं होतं. आता तुम्ही टाकलेल्या फोटोत तीच शिवण अर्ध्यापर्यंत उसवलेली दिसते. ती माझ्या सासूबाईंनी लोकरीच्या धाग्याने, रेघेला रेघ लावत घातली होती. आमचं दुकान लहान आहे, असा एक अभिप्राय वाचून गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरतं. दोन तुकडे खपवल्याचा आरोप तेवढा मागे घ्यावा, ही विनंती.

उसवलेलं प्लेड परत घेऊन पूर्ण पैसे देणं आम्हाला झेपणार नाही. पाठवलंत तर विनामूल्य पुन्हा शिवून देऊ. मागणीच्या पानावर ही माहिती आणखी ठळक द्यायचंही बघतोय.