सोमवारचे व्हर्साय

आम्ही घरचे सात जण पॅरिसच्या सहलीला निघालो आहोत. काल रात्री पावणेअकरा वाजता कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर नणंदेच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भावोजींचा, संदेश आला : "वहिनी, व्हर्सायचे काम फत्ते. तुम्ही उगाच ताण घेता." खाली सात तिकिटांची पीडीएफ होती, तिच्यावर सोनेरी फाटकाचे छायाचित्र होते आणि छायाचित्राखाली ठसठशीत अक्षरांत सोमवार हा वार छापलेला होता. पॅरिसजवळच्या व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो. हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत त्याच गटावर चार वेळा लिहिले आहे, आणि चौथ्या वेळी तर त्याच्या दोन्ही बाजूंना लाल दिवे लावले होते.

तिकिटे बनावट असतील, असे मला आधी वाटले. बनावट असती तर निदान पोलिसांत जाण्याचे समाधान मिळाले असते. दुर्दैवाने ती खरी आहेत. भावोजींनी ती राजवाड्याच्या संकेतस्थळावरून न घेता, जाहिरातीत सर्वांत वर दिसणाऱ्या कुठल्याशा मध्यस्थाकडून घेतली. वर मोठ्या अक्षरांत 'व्हर्साय : राजवाडा व उद्याने, रांगेशिवाय' असे लिहिले आहे, आणि सहाव्या पानावर, मुंगीलाही चष्मा लागेल अशा टाइपात, 'राजवाड्याचे बाह्यदर्शन; आतील प्रवेश समाविष्ट नाही' हे वाक्य बसवले आहे. बाह्यदर्शन! देवळाच्या कळसाला रस्त्यावरून हात जोडतात, तसे आम्ही फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या घराला बाहेरून हात जोडायचे आणि पुढे बागेत शिरायचे. आता बाग सोमवारी उघडी असते हे खरे. पण उन्हाळी हंगामात तिला तिकीट लागते ते कारंज्यांच्या आणि संगीताच्या दिवशी. सोमवारी ना कारंजी, ना संगीत, त्यामुळे कोणीही उठावे आणि फुकट आत जावे. तात्पर्य, उघड्या फाटकातून आत जाण्यासाठी आम्ही १९३ युरो मोजले आहेत.

या १९३ युरोंचा हिशेब मी रात्री दीड वाजता केला, कारण झोप येणे शक्यच नव्हते. मोठी माणसे सहा, प्रत्येकी २९ युरो, म्हणजे १७४. आणि उरलेले १९ युरो माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याचे. राजवाड्यात अठरा वर्षांखालील मुलांना तिकीटच नसते. ज्या मुलाला बंद राजवाड्यात फुकट आणि उघड्या बागेतही फुकट जाता आले असते, त्याच्याकडून १९ युरो काढणाऱ्या माणसाच्या बुद्धीचे मला रागातसुद्धा कौतुक वाटते. 'रांगेशिवाय' या शब्दाचे मात्र अजिबात वाटत नाही. राजवाड्यात जाणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते, तिकीट कोणाकडूनही घेतलेले असो. सोमवारी तिथे रांग नसेल हे मान्य आहे, पण ती मध्यस्थाच्या कर्तबगारीमुळे नव्हे.

पैसे परत मागण्यासाठी मी त्यांच्या मदतीच्या खिडकीत लिहिले. तिथल्या यंत्राने प्रथम माझे नाव विचारले, मग माझ्या भावना समजतात असे सांगितले, मग 'आपल्याला व्हर्सायची सहल आवडेल का?' असे विचारले.

आणि मग, रात्री दोन वाजता माणसाला जे जे आठवू नये ते सगळे आठवू लागले. व्हिसाच्या अर्जासाठी सात जणांचे फोटो मागितले होते, तेव्हा सासऱ्यांनी १९९८ सालचा फोटो पाठवला होता, कारण त्यात ते बरे दिसतात. सासूबाईंनी दशम्या आणि लसणाच्या चटणीची मोठी पिशवी नेण्याचे ठरवले आहे, मोठ्या बॅगा राजवाड्यात नेता येत नाहीत आणि आखीव बागांमध्ये बसून खाण्यास मनाई आहे, त्यासाठी पलीकडे मोठ्या कालव्याच्या बाजूच्या उपवनात जावे लागते, हे मी तीनदा सांगितले, तेव्हा "आपण काय कचरा करणार आहोत का?" असे उत्तर मिळाले. नणंदबाई लिहीत नाहीत, त्या ध्वनिसंदेश पाठवतात. चार मिनिटांच्या ध्वनिसंदेशात पहिली तीन मिनिटे कुकरच्या शिट्ट्या असतात आणि शेवटी "तर असं आहे बघ" एवढेच ऐकू येते. माझे यजमान दर वेळी "तिथे गेल्यावर बघू" म्हणतात. तिथे गेल्यावर काय बघणार? व्हर्साय नावाची तीन स्थानके आहेत. राजवाड्याला सर्वांत जवळचे ते 'रिव्ह गोश', आणि पॅरिसहून निघणाऱ्या उपनगरी रेल्वेच्या 'आरईआर सी' मार्गाच्या सगळ्या गाड्या तिथे जात नाहीत. चुकीची पकडली की माणूस शांतीए स्थानकावर उतरतो आणि 'तिथे गेल्यावर' नेमके तेच बघत बसतो.

सोमवारचे आणि आमच्या घराण्याचे जुने वैर आहे. म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी जवळजवळ एक लाख दिव्यांनी उजळतो. भावोजींनी काढलेल्या गाडीने आम्ही तिथे सोमवारी सकाळी पोहोचलो आणि संध्याकाळी एक प्रचंड, अंधारी, आदरणीय इमारत पाहून इडली खायला गेलो. त्या वेळीही "वहिनी, गर्दी तर टळली" असेच ऐकवले गेले होते.

एवढे सगळे मनात जुळवून, आज सकाळी भावोजींना सडेतोड उत्तर लिहावे म्हणून मी संदर्भासाठी माझीच एक्सेल फाइल उघडली, आणि तिथे माझी बोलती बंद झाली. माझ्या नियोजनाच्या फाइली तीन आहेत. एकीचे नाव 'पॅरिस अंतिम', दुसरीचे 'पॅरिस अंतिम सुधारित' आणि तिसरीचे 'पॅरिस अंतिम खरेच'. पहिल्या फाइलीत, पिवळ्या रंगाने भरलेल्या चौकटीत, माझ्याच हाताने लिहिले आहे : 'सोमवार : व्हर्साय, पूर्ण दिवस'. मंगळवारी पॅरिसमधले लूव्र संग्रहालय बंद असते म्हणून त्या दिवशी सगळे पॅरिस व्हर्सायला लोटते, असे मी कुठेतरी वाचले आणि गर्दी चुकवण्याच्या चलाखीत वार एक घर मागे सरकवला. चूक दोन दिवसांनी लक्षात आली, दुसऱ्या फाइलीत मी ती दुरुस्तही केली. पण गटावर पाठवली होती ती पहिलीच. भावोजींनी आयुष्यात प्रथमच माझी फाइल उघडली आणि ती तंतोतंत पाळली. अंतिम या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, यात त्यांचा दोष कसा काढायचा हे मला अजून सुचलेले नाही.

लुई राजाबद्दल मला आता वेगळीच आपुलकी वाटू लागली आहे. आपली बाग पाहुण्यांनी कोणत्या क्रमाने पाहावी, कुठे वळावे, कोणत्या पायरीवर थांबून मागे नजर टाकावी, याची टिपणे त्याने स्वतः लिहून ठेवली होती. म्हणजे हाही आमच्याच जातीचा. फक्त त्याच्या टिपणांवर कोणी ध्वनिसंदेश पाठवत नव्हते. एवढ्या कारंज्यांना पाणी पुरत नसे, म्हणून राजा जवळ आला की माळ्यांनी शिट्टी वाजवून पुढचे कारंजे सोडायचे आणि तो पुढे गेला की मागचे बंद करायचे, अशी व्यवस्था होती. माझ्या शिट्टीवर आमच्या घरात कुकरसुद्धा बंद होत नाही. आणि फ्रेंच राज्यक्रांतीत, ऑक्टोबर १७८९ मध्ये, पॅरिसच्या बायका पावसातून चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या राजाला, सोळाव्या लुईला, कुटुंबासकट घेऊनच परतल्या, त्या निघाल्या त्या दिवशीही सोमवारच होता. त्यांनी आगाऊ वेळ घेतली नव्हती. अर्थात त्यांच्याबरोबर आमचे भावोजी नव्हते.

राजवाडा मला पाहायचाच आहे, आणि तोही आतून. शाळेत 'व्हर्सायचा तह' या प्रश्नावर पाच गुणांची टीप लिहिताना मी २८ जून १९१९ ही तारीख आणि आरसेमहाल हा शब्द इतक्या वेळा घोकला आहे की त्या ७३ मीटर लांब दालनात एकदा उभे राहणे हा माझा हक्क आहे असे मी समजते. म्हणून आज दुपारी मी स्वतः, राजवाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, गुरुवारी सकाळी दहाची वेळ असलेली सहा तिकिटे काढली आणि भाच्याला फुकट बसवला. त्याच आवारातले ट्रिआनोंचे छोटे महाल दुपारी बारानंतरच उघडतात, तेव्हा क्रमही आपोआप लागला : आधी राजवाडा, मग बाग, मग कालव्याकडे दशम्या, मग ट्रिआनों.

हा सगळा तपशील, वार दोनदा लिहून, मी संध्याकाळी गटावर टाकला. सासूबाईंनी हात जोडलेले चित्र पाठवले, नणंदबाईंचा ध्वनिसंदेश आला आहे, तो अजून ऐकलेला नाही. भावोजींनी अंगठा दाखवला आहे. तो व्हॉट्सअॅपच्या अर्थाने घ्यायचा की मराठीच्या, एवढेच गुरुवारपर्यंत कळायचे आहे.