बाथरूमचं बटण आत घ्यायचा ‘अर्ध्या तासाचा’ मेसेज

गेले पंधरा दिवस पेठेतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली विचारलंय, ‘बरोबर आहे का ओ हे?’ मेसेजचा मतलब असा: बाथरूमचं बटण बाहेर असणं गैरसोयीचं, ते स्वतःच आत घ्या. बटण बंद करा, बोर्ड उघडा, वायरला जोड देऊन टेप गुंडाळा, भिंतीत झिरी मारून वरून प्लॅस्टर करा, बटण आत कुठंही बसवा. अर्ध्या तासाचं काम. बल्ब नऊ वॉटचा, त्यामुळं शॉक बसला तरी किरकोळ. शिवाय एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका, आहेच. वायरमनची मजुरी वाचली. आपलं घर, आपली मर्जी.

मी बावीस वर्षं कोल्हापुरात वायरिंगची कामं करतोय. यातली गैरसोय तेवढी खरी आहे. जुन्या घरांत बटण दाराच्या अशा बाजूला असतं की दार उघडलं की ते मागं झाकलं जातं, आणि रात्री उठणारी म्हातारी माणसं अंधारात चाचपडतात. बाकीचं एकेक करून बघू.

‘बटण बंद केलं की झालं.’ बटणानं फक्त बल्बकडं जाणारी वायर तुटते. बटणापर्यंत आलेला फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, जिवंतच राहतो, आणि आपल्याकडं एका बोर्डात चार बटणं असली की तोच फेज एका बटणावरून दुसऱ्यावर फिरवलेला असतो. काही जुन्या फिटिंगमध्ये तर बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर, बसवलेलं सापडतं. तिथं बल्ब विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये करंट असतोच.

मागच्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतल्या एका काकूंनी बोलावलं. मुलानं हेच काम अर्ध्यात सोडलं होतं. बोर्डाचे स्क्रू काढलेले, बोर्ड दोन वायरींवर लोंबकळत होता. काकू म्हणाल्या, ‘मेन पाडलंय भावा, बिनघोर हात लाव.’ मी आधी टेस्टर लावला, तर तो पेटला. घरात इन्व्हर्टर होता आणि बाथरूमचा लाइट त्याच्यावर होता. मेन पाडलं की बॅटरीवरून लाइट चालू ठेवायचे हेच तर इन्व्हर्टरचं काम. मुलगा शेजारीच उभा होता. त्यानं टेस्टरकडं बघितलं आणि हातातला पक्कड खाली ठेवला.

म्हणून मेन पाडायचं, इन्व्हर्टरही बंद करून त्याचं आउटपुट सोडवायचं, आणि मग तपासायचं. तपासायचीही रीत आहे. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या पॉइंटवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी, मग परत त्या चालू पॉइंटवर. लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं की टेस्टर इतका मंद पेटतो की दिवसाउजेडी दिसतही नाही. तो पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं धरून चालू नका.

‘नऊ वॉटचा बल्ब, शॉक किरकोळ.’ नऊ वॉट ही बल्बची भूक. वायरीत व्होल्ट २३०च असतात, मग पुढं बल्ब असो नाहीतर गिझर. तुम्ही फेजला हात लावला की मधे बल्ब नसतो, तुम्ही असता. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर अंगातून २३० मिलिअँपिअर जातात. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढंच हात आखडतो आणि वायर सोडवत नाही.

‘एमसीबी आहेच.’ हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण शिकलेली माणसंही तो छातीठोकपणे सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. ६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी लगेच पडायला ३० ते ६० अँपिअर लागतात. माणसातून गेलेले २३० मिलिअँपिअर म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. माणूस चिकटून राहील, एमसीबी जागचा हलणार नाही. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण परत आला नाही, तर तो सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो. पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्यालाही कळत नाही, हे ध्यानात ठेवा. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. कित्येक घरांत ते बसवल्यापासून कुणी दाबलेलं नसतं.

‘जोड, टेप, वरून प्लॅस्टर.’ कोल्हापूरचा पावसाळा आणि भिंतींची ओल आपल्याला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर मी शाहूपुरीकडची घरं उघडली, तेव्हा पाइपातून वायर ओढली की बरोबर गाळ यायचा. टेपचे जोड तर हातात सुटून आले. टेपचा गोंद पाघळून काळा झालेला, आतलं तांबं हिरवं पडलेलं. जोड भिंतीत गाडला की तो तपासता येत नाही. बटण हलवायचंच तर १.५ चौरस मिलिमीटरची सलग वायर पाइपातून न्या. जोड टाळता येत नसेल तर तो जुन्या पेटीत कनेक्टरनं द्या आणि पेटीवर कोरी प्लेट लावा, म्हणजे उद्या उघडता येईल. झिरी उभी किंवा आडवीच मारा. तिरकी मारली की पुढं कुणीतरी आरशासाठी तिथंच ड्रिल घालणार.

‘आत कुठंही बसवा.’ बाथरूमसाठीच्या आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७०१ व्या भागात, टब किंवा ट्रे नसलेल्या न्हाणीत शॉवरच्या तोंडापासून १.२ मीटरच्या घेरात आणि २.२५ मीटर उंचीपर्यंत घरगुती बटण चालत नाही. १.२ मीटर म्हणजे चार फूट. आपल्या पेठांतल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये मग जागा उरते कुठं? बटण बाहेर ठेवण्यामागं हे कारण आहे. काकूंचं बटण मी बाहेरच ठेवलं, फक्त दाराच्या कडीकडच्या बाजूला आणलं. आता दार न उघडता हाताला लागतं.

‘आपलं घर, आपली मर्जी.’ केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार, २०१० च्या आणि त्याजागी आलेल्या २०२३ च्या, बल्ब, पंखा, फ्यूज, बटण होतं तसंच बदलण्याची मुभा आहे. फिटिंगमध्ये फेरफार मात्र परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचा. बटणाची जागा हलवणं हा फेरफारच.

ज्यांनी हा मेसेज वाचून बटण आधीच आत घेतलंय, त्यांनी आज ओल्या हातानं ते दाबू नका. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, आणि वायरमन येऊन बघेपर्यंत आंघोळीला बॅटरी घेऊन जा.