तेलापासूनच्या प्लास्टिकबद्दलचा तो मेसेज, जरा थांबा

सोयाबीन तेलापासून बनवलेलं प्लास्टिक शंभर टक्के नैसर्गिक असतं, मातीत आपोआप विरघळतं आणि तेल नुसतं तापवून घरीच करता येतं, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. मी याच रेझिनवर (ज्या दाट द्रवापासून हे प्लास्टिक बनतं त्यावर) काम करते म्हणून सांगते, तेलापासून प्लास्टिक होतं हे खरं, बाकी चुकीचं आहे.

तेलाच्या रेणूत दुहेरी बंध असतात पण ते साखळीच्या मधोमध, म्हणून फारसे क्रियाशील नसतात. त्यामुळे आधी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड वापरून तिथे इपॉक्साइड गट (ऑक्सिजन असलेला, जास्त क्रियाशील गट) बसवतात, मग बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड जोडतात. पहिल्या पायरीत भरपूर उष्णता निघते, थंड करणं चुकलं तर भांडं उसळू शकतं, त्यामुळे कृपा करून घरी करू नका. शिवाय हे रेझिन घट्ट असतं म्हणून त्यात अनेकदा स्टायरीन मिसळतात आणि ते येतं पेट्रोलियममधून, मग शंभर टक्के नैसर्गिक कसं म्हणायचं?

विरघळण्याचं म्हणाल तर हे थर्मोसेट आहे, साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या. आमच्याकडचा एक तुकडा तापवून पाहिला तर आधी मऊ पडला, मग काळा पडून जळला, पण वितळला नाही. म्हणजे साध्या प्लास्टिकसारखं वितळवून परत वापरता येत नाही, आणि कच्चा माल वनस्पतीचा असला म्हणून वस्तू मातीत कुजेलच असं नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.